काविळीची भुईआवळी तपासायला घेतलीय, पण रिझल्ट ‘नाही’ असा आला तर?

पत्र:

“नमस्कार मॅडम, मी एम.फार्म. फार्माकोलॉजीला आहे. आमच्या घरात आजोबा काविळीला भुईआवळीचा रस देतात, त्यांच्या आधी त्यांचे वडील द्यायचे. लोक लांबून येतात आणि बरे होतात हे मी लहानपणापासून बघतेय, म्हणून डिझर्टेशनला हेच झाड घेतलं. सर म्हणतात मेथॅनॉलचा एक्स्ट्रॅक्ट (अर्क) काढ, रॅट्सना सात दिवस दे, मग कार्बन टेट्राक्लोराइड हे लिव्हरचं विष दे, तुलनेला सिलीमरिन हे लिव्हरचं औषध स्टँडर्ड ठेव, एसजीपीटी-एसजीओटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) कर, रिझल्ट येतोच. मला हे ‘येतोच’ ऐकून कसंतरी झालं, आधीच माहीत असेल तर प्रयोग कशाला करायचा? आणि दुसरीकडे भीतीपण वाटते, नाहीच आला तर आजोबांना काय सांगू? त्यांच्याकडे येणाऱ्या लोकांना थांबवायचं का? प्लीज मार्गदर्शन करा.”

उत्तर:

अगं, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण डिझर्टेशन दोन महिने पुढे ढकलता येतं, काविळीचा पेशंट नाही.

आजोबांकडे येणारी बहुतेक माणसं बरी होतात हे तू बघितलंयस ते खरंच आहे, त्यात कुणी फसवत नाहीये. पण आपल्याकडे अचानक होणाऱ्या काविळीची मोठी कारणं म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, दोन्ही दूषित पाण्या-अन्नातून येणारे व्हायरस, आणि धडधाकट माणसात हे दोन्ही आजार बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपले आपण उतरतात. औषध घेतलं तरी उतरतात, नाही घेतलं तरी उतरतात. माणूस डोळे पिवळे दिसल्यावर घाबरून धावतो, तोपर्यंत आजाराचा बराचसा चढ होऊन गेलेला असतो, मग त्यानंतर जे काही घेतलं त्यालाच गुण आला असं वाटणार, साहजिक आहे. आणि ज्याला बरं वाटलं नाही तो परत आजोबांकडे सांगायला येत नाही, तो हॉस्पिटलला जातो, म्हणजे आजोबांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं फक्त बरी झालेलीच माणसं राहतात. याने झाड निकामी ठरत नाही हां. फक्त घरच्या अनुभवावरून ते कामाचं आहे की नाही हे कळायला मार्ग नाही, एवढंच. तुझ्या प्रयोगात कंट्रोल ग्रुप (झाड न दिलेला, तुलनेचा) लागतो तो याचसाठी.

आता थांबवायचं का. माझं स्पष्ट मत, डॉक्टरला दाखवल्याशिवाय आणि रक्त तपासल्याशिवाय कुणालाही रस द्यायचा नाही, हे आजोबांशी तू बोलायलाच हवंस. भांडू नकोस, त्यांच्या कामाचा मान ठेवून बोल, की आधी बिलिरुबिन, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची टेस्ट) आणि हिपॅटायटिसच्या टेस्ट करून या म्हणावं. काही पेशंट तर एक मिनिटही ठेवून घ्यायचे नाहीत: जो झोपेत असल्यासारखा वागतोय, बरळतोय, ज्याला उलट्या थांबत नाहीत, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त येतंय, पोट फुगलंय, आणि गरोदर बाई, कारण शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई जिवावर बेततो. शिवाय ज्याला शौचाला पांढरट होतंय आणि अंग खाजतंय त्याची पित्तनळी अडलेली असू शकते, खडा असेल किंवा गाठ असेल, तिथे लिव्हरवरच्या कुठल्याही रसाचा उपयोग नाही आणि वाट बघण्यात नुकसान आहे. आजोबांना हे पटेल असं मला वाटतं, इतकी वर्षं लोकांचं भलं व्हावं म्हणूनच करतायत ना ते.

अजून एक गोष्ट त्यांना आणि तुलाही, वनस्पती आहे म्हणजे लिव्हरला सेफ आहे हे गृहीत धरू नका. गुळवेल घे. ही पण परंपरेने लिव्हरसाठी चांगली मानलेली. कोरोनाच्या काळात लोकांनी ती महिनोनमहिने घेतली आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ६ पेशंट रिपोर्ट केले ज्यांच्या लिव्हरला इजा झाली होती, पुढे देशातल्या १३ सेंटर्समधून असे ४३ पेशंट एकत्र मांडले गेले. बऱ्याच जणांमध्ये ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं (शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते तसं) चित्र होतं. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला, की वापरलेली वनस्पती खरी गुळवेलच होती का, दुसरी सारखी दिसणारी जात असू शकते. वाद आहे, पण दोन्ही बाजूंनी बघितलं तरी तुझ्यासाठी धडा तोच निघतो: झाड नक्की कुठलं ते सिद्ध कर, आणि नुसता एक्स्ट्रॅक्ट दिलेला, विष न दिलेला एक ग्रुप ठेवच ठेव. पुष्कळ डिझर्टेशनमध्ये हा ग्रुप नसतो, प्राणी वाचवायचे म्हणून गाळतात, आणि मग एक्स्ट्रॅक्ट स्वतः लिव्हरला काय करतो हे कुणालाच कळत नाही.

झाडाच्या ओळखीवर जरा थांबते, कारण भुईआवळीत इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो. भुईआवळी म्हणून फायलँथसच्या चार-पाच जाती सर्रास उपटल्या जातात. दक्षिण भारतातल्या दुकानांतून घेतलेले नमुने डीएनएवर तपासले तेव्हा बहुतेक फायलँथस अमारस निघाले, पण उरलेल्यांत दुसऱ्या जाती होत्या. जुन्या पेपरमध्ये ‘फायलँथस निरुरी’ असं बिनधास्त लिहिलेलं असतं, पण निरुरी ही मुळात अमेरिकेतली जात, आपल्याकडे त्या नावाने जे वापरलं गेलं ते बहुतांशी अमारस, फ्रॅटर्नस, डेबिलिस. आजोबा जे आणतात ते झाड मुळासकट, फुलं-फळं असताना घे आणि हँडलेन्सखाली बघ. पानांच्या खालच्या बाजूला ओळीने बारीक फळं लोंबतात, ती गुळगुळीत आहेत की खरबरीत? खरबरीत आणि जवळजवळ देठ नसलेली असतील तर बहुधा युरिनेरिया. फुलाच्या पाकळीसारख्या भागांची संख्या मोज, अमारसला ५, फ्रॅटर्नसला ६. मोहरीएवढं फूल असतं, सुईने उलगडावं लागतं, वेळ जातो, पण हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस की पुढे कुणी काही विचारलं तरी ठामपणे सांगता येईल. मग हर्बेरियम शीट (दाबून वाळवलेल्या झाडाचा नमुना) करून बोटॅनिकल सर्व्हेच्या पुण्यातल्या पश्चिम विभागाकडून किंवा अशा एखाद्या मान्य हर्बेरियमकडून ऑथेंटिकेशन घे, व्हाउचर नंबर (त्या नमुन्याचा नोंद क्रमांक) घे. आणि आजोबांनी आणलेल्या वेगवेगळ्या जुड्यांमधून नमुने घे, एकाच जुडीतून नको, म्हणजे ते आजवर लोकांना एकच जात देत होते की मिसळ, हेही कळेल. मला विचारशील तर हा एक चॅप्टरच इतका मोलाचा आहे की पुढचं काही झालं नाही तरी तो उभा राहील.

आता एक्स्ट्रॅक्ट. आजोबा देतात ताज्या झाडाचा रस, म्हणजे पाण्यात उतरणारे घटक, आणि तू तपासणार मेथॅनॉलचा एक्स्ट्रॅक्ट. मग तू आजोबांचं औषध तपासलंस कुठे? भुईआवळीचे प्रसिद्ध घटक फायलँथिन आणि हायपोफायलँथिन, हे लिग्नान्स आहेत, पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. रसात जास्त करून टॅनिन वर्गातले घटक येणार, जेरानिन, कोरिलाजिन वगैरे. म्हणजे मेथॅनॉलच्या एक्स्ट्रॅक्टमध्ये गुण दिसला तरी रसात असेलच असं नाही, आणि उलटही. सरांना मेथॅनॉल हवंच असेल तर ठेव, पण सोबत पाण्याचा एक्स्ट्रॅक्ट, किंवा रस गाळून फ्रीझ ड्राय केलेला, हा पण ठेव, आणि दोन्हींचं एचपीटीएलसी किंवा एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजायच्या टेस्ट) करून ठेव म्हणजे आत काय होतं ते नंतर सांगता येईल. एक्स्ट्रॅक्ट देताना डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचा मोह टाळ, का ते पुढे सांगते. साधं पाणी किंवा सीएमसीचं (पाणी घट्ट करणारी पावडर) सस्पेन्शन बरं.

डोसचं पण असंच. सगळे २०० आणि ४०० मिलिग्रॅम पर किलो घेतात कारण आधीच्यांनी घेतला. एकदा कागदावर गणित करून बघ. रॅटचा डोस माणसात आणताना शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने साधारण ६.२ ने भागतात. ४०० भागिले ६.२ म्हणजे साधारण ६४ मिलिग्रॅम पर किलो, ६० किलोच्या माणसाला जवळजवळ ४ ग्रॅम कोरडा एक्स्ट्रॅक्ट. समज तुझं यील्ड (वाळलेल्या झाडातून निघणारा एक्स्ट्रॅक्ट) १२ टक्के आलं, तर ४ ग्रॅम एक्स्ट्रॅक्टसाठी वाळलेलं झाड लागेल ३२-३३ ग्रॅम, रोज. आजोबा किती देतात ते मोजून बघ, चमच्याने नाही, वजनकाट्यावर, आणि रस आटवून त्यात कोरडा भाग किती निघतो तेही काढ. मग निदान एक डोस तरी त्यांच्या डोसशी जुळणारा ठेव. तोच डोस काम करत नसेल आणि दहापट करत असेल तर तसं लिहायचं, लपवायचं नाही.

आता ‘येतोच’ का येतो ते. मला वाटतं तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नकोस.

कार्बन टेट्राक्लोराइड लिव्हरमध्ये गेल्यावर सीवायपी२ई१ नावाचं एन्झाइम त्याचं ट्रायक्लोरोमिथाइल रॅडिकल करतं, आणि खरा घात तो रॅडिकल करतो, पेशीच्या पडद्यातल्या फॅट्सचं ऑक्सिडेशन सुरू होतं आणि पेशी मरतात. पॅरासिटामॉलचंही तसंच, जास्त डोस दिला की त्याच एन्झाइमकडून नॅपक्यूआय नावाचा विषारी पदार्थ बनतो, तो ग्लुटाथायोन (विष निकामी करणारा लिव्हरमधला पदार्थ) संपवतो आणि मग प्रोटीन्सना चिकटतो. म्हणजे दोन्ही मॉडेलमध्ये विष आधी लिव्हरनेच तयार करावं लागतं. आता तू सात दिवस आधीपासून असा एक्स्ट्रॅक्ट दिलास ज्यात पन्नास प्रकारचे पॉलिफेनॉल्स आहेत, आणि त्यातल्या एखाद्याने नुसतं ते एन्झाइम अडवलं, तर विष बनणारच नाही. एसजीपीटी कमी येणार, स्लाइड छान दिसणार, तू लिहिणार ‘लिव्हरचं संरक्षण झालं’. प्रत्यक्षात लिव्हरवर हल्लाच झाला नव्हता. पावसात गेलेच नाही आणि छत्री चांगली आहे म्हणाले, असं ते होतं. डीएमएसओ पण हेच करतं, ते स्वतःच या एन्झाइमला अडवतं, म्हणून सॉल्व्हंटमुळे आलेला रिझल्ट झाडाच्या नावावर जमा होतो. आणि व्हायरल काविळीच्या पेशंटमध्ये तर हे एन्झाइम अडवून काहीच साधत नाही, कारण व्हायरसला इजा करायला हे सीवायपी एन्झाइम लागत नाही.

यावर उपाय आहे आणि तो फार अवघड नाही. पॅरासिटामॉलचं मॉडेल माइसमध्ये कर, रॅटमध्ये नको, रॅट त्याला खूप दाद देत नाहीत, २ ग्रॅम पर किलो देऊनही इजा धड होत नाही, माइसमध्ये उपाशी ठेवून ३०० मिलिग्रॅमला होते. मग काही माइस पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या तासात सॅक्रिफाइस कर आणि लिव्हरमधलं ग्लुटाथायोन मोज. एक्स्ट्रॅक्ट दिलेल्यांमध्ये ग्लुटाथायोन कमीच झालं नाही, तर तुझ्या एक्स्ट्रॅक्टने बहुधा विष बनणंच अडवलं. ग्लुटाथायोन दोन्हीकडे सारखंच घसरलं आणि तरीही २४ तासांनी एसजीपीटी कमी आला, तर मात्र कान टवकार, कारण आता झाड विष बनल्यानंतर काहीतरी करतंय. हा एक पॉइंट ठेवलास ना तर तुझं काम शंभर डिझर्टेशनमधून वेगळं काढता येईल. जमलं तर गॅलॅक्टोसामाइनचं मॉडेल पण बघ, ते युरिडीन संपवून इजा करतं, सीवायपीचा संबंधच नाही.

दुसरी गोष्ट, एक्स्ट्रॅक्ट आधी की नंतर. तुझ्या आजोबांकडे कुणी काविळ व्हायच्या सात दिवस आधी येतं का? पेशंट इजा झाल्यावर येतो. मग विष आधी देऊन, ते बनून गेल्यावर एक्स्ट्रॅक्ट सुरू केलेला एक ग्रुप हवाच. मी म्हणेन तोच मुख्य ग्रुप. त्यात गुण दिसणं कठीण असतं आणि लोक तो ग्रुप टाळतात ते याच कारणाने, पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच मिळणार आहे. स्टँडर्ड म्हणून सिलीमरिन ठेव, हरकत नाही, पण पॅरासिटामॉलमध्ये एन-अॅसिटिलसिस्टीन ठेवणं जास्त योग्य, कारण माणसात तेच खरं अँटिडोट आहे.

एन्झाइमच्या आकड्यांबद्दल एक उदाहरण देते, आकडे मी समजायला घेतलेत. नॉर्मल ग्रुपचा एसजीपीटी सरासरी ५०, विष दिलेल्यांचा ८५०, आणि तुझ्या एक्स्ट्रॅक्ट ग्रुपच्या सहा रॅट्सचे आकडे आले २१०, २४०, २६०, ३००, ३४० आणि १३५०. सरासरी ४५०, म्हणजे सूत्राने (विषाने वाढलेल्या ८०० पैकी ४०० कमी झाले) संरक्षण ५० टक्के. आता तो १३५० वाला डोळ्यात खुपतो. कुणीतरी म्हणणार हा आउटलायर आहे, काढून टाक, गॅव्हाज (नळीने पोटात दिलेला डोस) नीट गेला नसेल. काढला की सरासरी २७० आणि संरक्षण थेट ७२ टक्क्यांच्या वर. एका रॅटने पेपरचा निष्कर्ष बदलला! म्हणून कुठला प्राणी कुठल्या कारणाने वगळायचा हे प्रयोग सुरू व्हायच्या आधी लिहून सही करून ठेवायचं, नंतर नाही. आणि सरासरीच्या बारऐवजी सहाही ठिपके ग्राफवर दाखव. कदाचित तो १३५० वालाच सांगत असेल की काहींमध्ये हा एक्स्ट्रॅक्ट चालत नाही किंवा उलट इजा वाढवतो. आणि ५० टक्के संरक्षण वाचायला छान वाटतं पण ४५० म्हणजे नॉर्मलच्या नऊपट, ते लिव्हर अजून आजारीच आहे, हेही त्याच वाक्यात लिही.

रक्त काढतानाची एक बारीक गोष्ट. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढलीस की सिरम कसा दिसतो ते बघ, फिकट पिवळसर हवा. गुलाबी दिसला म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या, आणि त्यांच्यातलं एसजीओटी सिरममध्ये उतरलं, तो आकडा आता लिव्हरबद्दल बोलत नाहीये. अशा ट्यूबवर तेव्हाच खूण कर. एसजीओटी तसंही स्नायूंत आणि हृदयात असतं, म्हणून जास्त भरवसा एसजीपीटीवर. आणि नुसत्या एन्झाइमवर थांबू नकोस, स्लाइड्स बघ. या दोन्ही विषांची इजा सेंट्रल व्हेनभोवती होते, कारण ते एन्झाइम तिथल्याच पेशींत जास्त असतं. व्हेनच्या भोवती फिकट, केंद्रक पुसट झालेल्या मेलेल्या पेशींचं कडं दिसतं आणि लांबच्या पेशी शाबूत असतात. एकदा बघितलंस की विसरणार नाहीस. पण स्कोअरिंग तू करायचं नाही, पॅथॉलॉजिस्टला फक्त नंबर घातलेल्या स्लाइड्स द्यायच्या, कुठला ग्रुप ते सांगायचं नाही. तुझ्या मनात आजोबा आहेत, सरांच्या मनात पब्लिकेशन आहे, कितीही प्रामाणिक असलं तरी नजर झुकते गं. रॅट्स ग्रुपमध्ये टाकतानाही हाताला येईल तो आधी असं नको, जे आधी हाताला येतात ते सुस्त असतात, रँडम नंबरने वाट.

प्राण्यांबद्दल मला मनापासून बोलायचंय. सात ग्रुप गुणिले सहा म्हणजे ४२ जीव, आणि पोस्ट-ट्रीटमेंट (विषानंतर एक्स्ट्रॅक्ट), ग्लुटाथायोन सगळं धरलं तर अजून वाढणार. आयएईसीच्या (कॉलेजची प्राणी-प्रयोग मंजूर करणारी कमिटी) फॉर्म बी या अर्जामध्ये संख्येचं कारण विचारतात तिथे ‘आधीच्या पेपरनुसार’ असं लिहून मोकळी होऊ नकोस. किती फरक दिसला तर तो कामाचा मानणार हे ठरव, आधीच्या डेटावरून व्हेरिएशन घे, स्टॅटिस्टिक्सवाल्यांकडून सँपल साइज काढून घे. मी तर म्हणेन तीन डोस कशाला, आजोबांचा एक आणि त्याहून जास्त एक, दोन पुरे, वाचलेले प्राणी पोस्ट-ट्रीटमेंटला वापर. पेशींवर आधी करता आलं तर कर, पण हेपजी२ पेशींमध्ये (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या लिव्हरच्या पेशी) सीवायपी फारच कमी असतं, तिथे पॅरासिटामॉल टाकून काही झालं नाही तर तो एक्स्ट्रॅक्टचा गुण नाही, हे लक्षात ठेव. प्राणी निपचित पडला, खात-पीत नाही, अंग गार पडलं, तर वेळापत्रकाची वाट न बघता त्याला वेदनेतून सोडवायचं, हे सीसीएसईएच्या (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची समिती) नियमांतही बसतं आणि माणुसकीतही. ज्या प्रयोगातून ‘नाही’ हे उत्तर निघूच शकत नाही त्या प्रयोगात मेलेला प्रत्येक प्राणी फुकट मेला असं मी मानते, आणि याबाबतीत माझं मत बदललेलं नाही.

आणि ‘नाही’ आला तर? भुईआवळीचाच इतिहास सांगते. १९८८ मध्ये लॅन्सेटमध्ये मद्रासच्या संशोधकांचा पेपर आला, त्यात बरुच ब्लुमबर्ग पण होते, हिपॅटायटिस बी व्हायरसच्या शोधाचे १९७६ चे नोबेल विजेते. बी च्या कॅरिअर्सना (ज्यांच्या अंगात व्हायरस टिकून आहे त्यांना) ३० दिवस फायलँथस अमारसची पावडर दिली, ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून व्हायरसचं सरफेस अँटिजेन (व्हायरस असल्याची खूण) गेलं, प्लासिबोवाल्यांत (औषध नसलेली पावडर दिलेल्यांत) २३ पैकी फक्त एकाचं. जगभर खळबळ उडाली. मग इतर ठिकाणी लोकांनी करून बघितलं आणि तसा रिझल्ट मिळाला नाही. जात वेगळी होती का, कापणीचा हंगाम, मातीतला फरक, की पहिल्या चाचणीतच काही राहिलं होतं, यावर बरंच लिहिलं गेलं. पण त्या ‘नाही’ वाल्या पेपरांमुळेच आज आपण हिपॅटायटिस बी च्या माणसाला भुईआवळीवर ठेवत नाही, टेनोफोव्हिर-एन्टेकाव्हिरसारखी औषधं देतो. ते पेपर कुणी कपाटात ठेवले असते तर किती माणसं चुकीच्या भरवशावर राहिली असती विचार कर. तुझा ‘नाही’ पण तितकाच छापण्यासारखा आहे, फक्त प्रयोग नीट झालेला हवा. आणि ‘हो’ आला तरी आजोबांना एवढंच सांगायचं की रॅटच्या किंवा माइसच्या एका विषापासून वाचवलं, माणसाच्या काविळीचं अजून माहीत नाही.

आजोबांपासून हे लपवून करू नकोस. त्यांना आत्ताच सांग काय करणार आहेस, झाड ओळखताना त्यांना शेजारी बसव, ते कुठून आणतात, कुठल्या दिवसांत, कुठलं झाड टाकून देतात आणि का, हे सगळं त्यांच्या शब्दांत लिहून घे, आणि ती माहिती त्यांच्या परवानगीने, त्यांना श्रेय देऊनच वापर. ज्याला सुरुवातीपासून विचारलंय त्याला शेवटचा रिझल्ट ऐकायला तेवढा जड जात नाही.

राहिले सर. वरचं सगळं एका डिझर्टेशनमध्ये बसणार नाही हे मलाही कळतं, आणि गाईडशी वाकडं घेऊन विद्यार्थ्याचं चालत नाही. म्हणून सगळं मागू नकोस. हर्बेरियमचं ऑथेंटिकेशन, नुसत्या एक्स्ट्रॅक्टचा ग्रुप आणि विषानंतर एक्स्ट्रॅक्ट देण्याचा ग्रुप, एवढं मात्र सोडू नकोस. सरांकडे जाताना ‘तुमचं चुकतंय’ असं नको, ‘रिव्ह्यूअरने सीवायपी इनहिबिशनचं विचारलं तर आपल्याकडे उत्तर असावं म्हणून ग्लुटाथायोनचा एक पॉइंट घालू का’ असं विचार, कुठलाही गाईड याला नाही म्हणणार नाही. फॉर्म बी एकदा मंजूर झाला की ग्रुप वाढवायला परत कमिटीपुढे जावं लागतं, त्यामुळे हे बोलणं सबमिशनच्या आधी, याच आठवड्यात उरकून घे.